बट्टा कोणाच्या माथी? रायगडावर नाकारलेले एक कलम आणि परमुलखातून येणाऱ्या पैशाची कथा

१/
इ.स. १६७४चा उन्हाळा. रायगडावर राज्याभिषेकाची तयारी चालू आहे. मुंबईहून आलेला इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन वीस कलमांचा मसुदा घेऊन गडावर थांबला आहे. बहुतेक कलमे मान्य होतात. दोन मात्र अडतात. त्यांपैकी एक कलम तोफांचे नाही, किल्ल्यांचे नाही, जकातीचेही नाही. ते नाण्याचे आहे. आजचा हा थ्रेड त्या एका कलमाविषयी.

२/
कलम साधे होते. इंग्रजांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे आणि महाराजांचे नाणे मुंबईत चालावे. वरवर पाहता ही बरोबरीची देवघेव. आजच्या भाषेत बोलायचे तर दोन राज्यांमधला पैशाचा व्यवहार सुलभ करण्याचा प्रस्ताव. मग महाराजांनी ते तहात का घालू दिले नाही?

३/
उत्तर इंग्रजांच्याच कागदांत नोंदलेले आहे. त्याचा आशय असा : हे कलम लिहिण्याची गरज नाही. ज्या नाण्यात प्रजेला तोटा होईल ते घेण्याची सक्ती मी प्रजेवर करू शकत नाही. तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके चोख व वजनाला पुरे असेल, तर मी त्याला मनाई करणार नाही.

४/
हे उत्तर पुन्हा एकदा सावकाश वाचा. त्यात परकीय नाण्याला बंदी नाही आणि मुभेचा आदेशही नाही. नाणे चालेल की नाही हे राजाचा हुकूम ठरवणार नाही. तराजू आणि कसोटी ठरवतील. आणि तोटा होणार असेल, तर तो रयतेच्या माथी मारला जाणार नाही. परमुलखातून येणाऱ्या पैशाच्या साऱ्या इतिहासाचा गाभा या उत्तरात आहे.

५/
हा तोटा म्हणजे काय, ते आधी पाहू. त्याचे नाव बट्टा. आपण आजही म्हणतो, ‘घराण्याच्या नावाला बट्टा लागला.’ हा शब्द सराफकट्ट्याशी जोडलेला आहे. नाणे झिजलेले, हिणकस किंवा परक्या टांकसाळीचे असले की सराफ त्याच्या दर्शनी किमतीतून काही कापून घेई. ती कपात म्हणजे बट्टा. चोख, खणखणीत, पारख, कसोटी हे शब्दही त्याच कट्ट्यावर नांदत होते.

६/
त्या काळी नाण्याची किंमत त्यावरच्या छापापेक्षा त्यातल्या धातूवर ठरे. आणि नाण्यांच्या जाती तर अगणित. सभासद बखरीत महाराजांच्या खजिन्याची यादी आहे. तिच्यात शिवराई होनाबरोबर कावेरीपाक, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई, गुती, धारवाडी, आदवनी अशा कितीतरी होनांची नावे येतात. प्रत्येकाचे वजन वेगळे, कस वेगळा, म्हणून भावही वेगळा.

७/
आता एक कल्पित उदाहरण घ्या. कल्याणच्या एका व्यापाऱ्याने मुंबईत माल विकला आणि त्याला १०० इंग्रजी रुपये मिळाले. गावी परतल्यावर सराफाने ते तोलले, कसाला लावले आणि सांगितले, ‘शेठजी, याचे आमच्या बाजारात ९६.’ माल तोच, कष्ट तेच. चार रुपये मात्र खाडी ओलांडताना गेले. आता राजाने हुकूम काढला, की हे नाणे पुऱ्या भावानेच घ्या. तोटा नाहीसा होईल का?

८/
होणार नाही. तो फक्त एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर सरकेल. व्यापारी ते नाणे विणकराला देईल, विणकर वाण्याला, वाणी शेतकऱ्याला. चोख नाणे ज्याच्या हाती असेल तो ते घरात पुरून ठेवील आणि हलके नाणे तेवढे बाजारात फिरत राहील. शेवटी ज्याला नाकारता येत नाही, त्याच्या हातात ते उरेल. महाराजांनी कलम नाकारले त्याचा अर्थ इथे उलगडतो.

९/
त्या वेळी मुंबईतल्या इंग्रजी टांकसाळीला जेमतेम दोन वर्षे झाली होती. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए याच्या कारकिर्दीत १६७२मध्ये तिथे नाणी पाडण्यास सुरुवात झाली. चांदीचे ‘अँग्लिना’, तांब्याचे ‘कॉपरून’, कथलाचे ‘टिनी’ अशी त्यांची नावे. बेटावर ती चालत. बेटाबाहेर मात्र त्यांना पत नव्हती. कंपनीला ती पत तहाच्या कलमातून मिळवायची होती.

१०/
त्याच तहात पैशाचा दुसरा एक व्यवहार आहे, तोही पाहण्यासारखा. १६६०मध्ये सिद्दी जौहरच्या पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी दारूगोळ्याची मदत केली होती. त्याची शिक्षा म्हणून १६६१मध्ये राजापूरची वखार लुटली गेली. इंग्रज तेव्हापासून भरपाई मागत होते. १६७४मध्ये १०,००० होनांचा आकडा ठरला. पण एवढे सोने मुंबईला पाठवायचे कसे?

११/
ते पाठवायचेच नाही, असे ठरले! इंग्रजांनी तीन वर्षे दरसाल ५,००० होनांचा माल बाजारभावाने घ्यावा आणि निम्मीच किंमत रोख द्यावी. अशा रीतीने ७,५०० होन वळते होतील. उरलेले २,५०० राजापूरच्या जकातीत सूट म्हणून मिळतील. भरपाईपोटी एकही होन सरहद्द ओलांडत नाही, म्हणून त्यासाठी सराफाकडे जाण्याची वेळही येत नाही. कागदावरची ही तजवीज प्रत्यक्षात पुढे बरीच रखडली. पण तिच्यामागचा हिशेब पक्का होता.

१२/
राज्याभिषेकाच्या दिवशी ऑक्झिंडनने सिंहासनाजवळ पाहिलेल्या वस्तूंत एक सोन्याचा तराजू होता. मोलवान भाल्याच्या टोकावर समतोल लावलेला. न्यायाचे चिन्ह म्हणून त्याने त्याची नोंद केली आहे. नाण्याच्या कलमावरचे उत्तर आणि हा तराजू एकाच गडावरचे, एकाच सोहळ्याच्या दिवसांतले.

१३/
पुढे इंग्रजी नाण्याचे काय झाले? १६७६मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबईत नाणी पाडण्याची सनद दिली. पण लंडनच्या सनदेने घाटावरचा सराफ हलत नाही. १६९४च्या सुमारास कंपनीने विल्यम आणि मेरी या राजा-राणीच्या नावाचे रुपये फारसी लिपीत पाडले. त्यावर औरंगजेब संतापला. तशा रुपयांचा उल्लेख खाफीखानाच्या इतिहासातही आढळतो.

१४/
अखेर १७१७मध्ये फर्रुखसियर बादशहाच्या फर्मानाने वाट मोकळी झाली. मुंबईच्या टांकसाळीतून रुपये बाहेर पडू लागले, ते दिल्लीच्या बादशहाच्या नावाचे, मोगली धाटणीचे, ‘मुंबई’ हे टांकसाळीचे नाव मिरवणारे. म्हणजे १६७४मध्ये महाराजांनी घातलेली अट, ‘मोगलांच्या नाण्यासारखे असेल तर चालेल’, कंपनीने त्रेचाळीस वर्षांनी आपणहून पाळली.

१५/
मराठ्यांचाही मार्ग फारसा वेगळा नव्हता. पेशवाईत पुण्याचा अंकुशी रुपया निघाला. त्यावर अंकुशाचे चिन्ह आपले, पण नाव दिल्लीच्या बादशहाचे. शेजारी चांदवडी होता, नागपुरी होता, सुरती होता, अर्काटी होता. प्रत्येकाचा बट्टा वेगळा. न्यायमूर्ती रानडे यांना मराठेशाहीतील चलन आणि टांकसाळी यांवर स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला, एवढा हा पसारा मोठा होता.

१६/
बंगालमध्ये तर याहून नवल. तिथे नवा सिक्का रुपया हिशेबी रुपयांत शेकडा ११६ धरत. वर्ष उलटले की तोच ११३ होई आणि आणखी एका वर्षाने १११. चांदी तेवढीच, फक्त नाण्यावरचे साल जुने झाले. झिजेच्या नावाखाली निघालेला बट्टा पुढे रूढीने ठरलेली कमाई झाला. दर ठरवण्याचा अधिकार एका हाती गेला, की असे घडते.

१७/
मग यातून वाट कशी निघे? वाटेचे नाव हुंडी. नाणे एका मुलखातून दुसऱ्यात न्यायचे, तर लुटीची भीती, वाहतुकीचा खर्च आणि पोहोचल्यावर बट्टा, असा तिहेरी फटका. म्हणून नाणे जागेवरच ठेवायचे आणि फक्त त्याचे मोल कागदावरून पाठवायचे. या सेवेसाठी सावकार जे घेई, त्याला हुंडणावळ म्हणत.

१८/
हे चाले कसे? समजा, वऱ्हाडचा कापूस मिर्झापूरला विकला गेला. त्याचे पैसे उत्तरेत जमा आहेत, हवे आहेत नागपुरात. त्याच वेळी नागपूरचे कोणी कुटुंब काशीयात्रेला निघाले आहे. त्याला पैसे उत्तरेत हवे आहेत. सावकार यात्रेकरूचे रुपये नागपुरात घेतो, ते कापूसवाल्याला देतो आणि यात्रेकरूला काशीच्या पेढीवर हुंडी लिहून देतो. थैल्या हलल्याच नाहीत. दोघांचे काम झाले.

१९/
हुंडीचा कागद नीट पाहिला, तर तिच्यात चार प्रश्नांची उत्तरे सापडतात. पैसे कोणत्या गावी मिळणार? कोणत्या दिवशी? (दाखवताच मिळणारी ती दर्शनी, ठरल्या मुदतीची ती मुदती.) कोणाला मिळणार? (शहाजोग हुंडी पत असलेल्या व्यापाऱ्याच्याच हाती वटे, चोराला ती निरुपयोगी.) आणि कोणत्या चलनाचे रुपये मिळणार?

२०/
हा चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. नुसते ‘हजार रुपये’ असे लिहून भागत नसे; रुपया कुठला ते लिहावे लागे. शिवाय ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ अशी रक्कम फोडून लिहीत, म्हणजे आकड्यात फेरफार करता येऊ नये. बट्टा आणि हुंडणावळ व्यवहाराच्या आधी ठरे, नंतर नव्हे. पैसे हातात पडल्यावर कळणारा तोटा आणि आधी मान्य केलेला खर्च यांत हेच अंतर आहे.

२१/
ही व्यवस्था राज्यांना तारत असे आणि ती थांबली की राज्ये अडचणीत येत. १७६०च्या उत्तरेच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंना खर्चाची सतत तंगी होती. प्रदेशातून वसूल येईना, सावकारी आटली. ऑगस्टमध्ये दिल्लीच्या किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची सुमारे ९ लाखांची नाणी पाडावी लागली. पैसा पुण्यात असून उपयोग नव्हता. तो जिथे हवा तिथे पोहोचणे महत्त्वाचे होते.

२२/
हे इंग्रजांनी पुरते ओळखले. मुंबई इलाख्याचे उत्पन्न अपुरे, म्हणून बंगालचा पैसा पश्चिमेकडे आणावा लागे. तो आणला बनारसच्या गोपाळदास मनोहरदास आणि सुरतेच्या अर्जुनजी नाथजी त्रवाडी यांच्यासारख्या पेढ्यांनी, हुंड्यांवरून. मराठ्यांशी लढणाऱ्या कंपनीच्या फौजेचा पगार बऱ्याच अंशी याच कागदांवरून आला. तोफांच्या मागे हुंडी उभी होती, हे आपण क्वचितच ध्यानात घेतो.

२३/
१८३५मध्ये कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया केला : वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. जुनी नाणी हळूहळू वितळली आणि त्यांच्याबरोबर सराफाचा बट्टाही. १८८०मध्ये टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. गिरणगावातल्या कामगाराने पाठवलेले पाच रुपये कोकणातल्या घरी पाचच मिळू लागले. शुल्क काय ते आधीच कळे. ही सोय लहान नव्हती. पण देशातला बट्टा मिटत होता, तेव्हा समुद्रावर दुसरा जन्माला येत होता.

२४/
१८७१ ते १८७३ या काळात जर्मनी सोन्याच्या चलनाकडे वळली. इतर देशांनीही चांदीची नाणी पाडणे आवरते घेतले. अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी लागल्या होत्या. चांदी स्वस्त झाली आणि चांदीचा रुपया घसरू लागला. १८७३–७४मध्ये एका रुपयाला सुमारे २२.३५ पेन्स मिळत. १८९२–९३मध्ये जेमतेम १५. नाण्यात एक गुंजही चांदी कमी झाली नव्हती. सोन्याच्या तराजूत मात्र त्याचा तिसरा हिस्सा उडाला होता.

२५/
हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनला पैसे पाठवावे लागत : कर्जाचे व्याज, रेल्वेची हमी, गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, इंडिया ऑफिसचा खर्च. यांना ‘होम चार्जेस’ म्हणत. कर रुपयात गोळा होई, देणे पौंडात असे. १८९२–९३मध्ये सुमारे १ कोटी ६५ लाख पौंडांसाठी २६ कोटी ४८ लाख रुपये लागले. १८७३–७४च्या दराने तेवढ्याच पौंडांना १७ कोटी ७५ लाख पुरले असते. एका वर्षाचा बट्टा पावणेनऊ कोटी!

२६/
हे पैसे जात कसे? जुन्याच युक्तीने. भारतमंत्री लंडनमध्ये दर बुधवारी ‘कौन्सिल बिले’ लिलावात विकी. वऱ्हाडचा किंवा खानदेशचा कापूस ज्याला घ्यायचा, तो लंडनमध्ये पौंड भरून हे बिल घेई आणि मुंबईला पाठवी. मुंबईच्या सरकारी खजिन्यातून त्यावर रुपये मिळत आणि निर्यातदाराचे देणे भागे. पौंड लंडनलाच राहिले, रुपये मुंबईलाच. ही साम्राज्याच्या आकाराची हुंडीच होती.

२७/
फरक एकच, पण निर्णायक. काशीच्या हुंडीला दहा पेढ्या होत्या. एकीची हुंडणावळ जड वाटली, तर पलीकडच्या ओसरीवर जाता येई. कौन्सिल बिले विकणारा मात्र एकच, आणि तो राज्यकर्ताही होता. दादाभाई नौरोजी ज्याला संपत्तीचा ओघ म्हणत, तो परदेशाकडे वळवणारा पाट हाच. त्यात चलनाच्या दराची घट मिसळली, की रयतेचे देणे न वाढवताही वाढे.

२८/
आणि या घसरणीत आपला तोटा भरून कोणी घेतला? गोऱ्या अधिकाऱ्यांनी. रुपयात पगार घेऊन विलायतेत कुटुंबाला पैसे पाठवताना नुकसान होते, अशी त्यांची तक्रार होती. ती खोटी नव्हती. १८९३मध्ये सरकारने त्यांना ‘एक्स्चेंज कॉम्पेन्सेशन’ भत्ता दिला : पगाराच्या ठरावीक भागावर रुपयाला १८ पेन्सचा सवलतीचा दर धरून. बाजारात मिळणारा दर आणि हा दर यांतली तफावत तिजोरीतून, म्हणजे शेतसारा भरणाऱ्याकडून.

२९/
१८९७मध्ये वेल्बी आयोगापुढे लंडनमध्ये साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी या भत्त्यावर टीका केली. ते तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. आता १६७४चे उत्तर आठवा. तिथे राजा म्हणतो, ज्यात तोटा आहे ते नाणे घेण्याची सक्ती मी रयतेवर करणार नाही. इथे राज्यकर्ता आपल्या माणसांचा तोटा उचलतो आणि रयतेच्या पाठीवर ठेवतो.

३०/
गोष्ट इथेही संपली नाही. २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. रुपया दुर्मीळ करून त्याचा भाव १६ पेन्सवर नेण्याचा बेत होता. १८९८–९९पर्यंत तो साधला. पौंडात देणे असलेल्या सरकारला दिलासा मिळाला. पण चीनला सूत विकणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना फटका बसला, कारण चीन चांदीवरच होता आणि रुपया महागला होता.

३१/
खेड्यातल्या बाईचा फटका आणखी निमूट होता. तिच्या तोडे-वाळ्यांतली चांदी आजवर टांकसाळीत रुपया होऊ शकत होती. आता तोळाभर चांदीचा भाव रुपयापेक्षा कमी झाला आणि टांकसाळीचे दार बंद. १८९६–९७च्या दुष्काळात ज्यांनी दागिने मोडले, त्यांना हा फरक सोनाराच्या दुकानात कळला. लंडनच्या दराचा बट्टा असा गावच्या पेठेत उतरला.

३२/
म्हणून या साऱ्या कथेचे सार असे : परमुलखातून पैसा आणताना काही खर्च येणारच. जोखीम कोणीतरी घेतो, पत कोणीतरी देतो. त्याची हुंडणावळ न्याय्य आहे. अन्याय तिथे होतो, जिथे दर एकटा ठरवतो, तो आधी सांगत नाही आणि ज्याला नाकारता येत नाही त्याच्याकडून वसूल करतो.

३३/
आज तुमच्यापैकी कित्येक जण परदेशातल्या ग्राहकासाठी चित्रे काढतात, प्रोग्रॅम लिहितात, भाषांतरे करतात. ‘शुल्क शून्य’ अशी जाहिरात दिसते आणि खात्यात अपेक्षेपेक्षा कमी रुपये पडतात. शुल्क नव्हतेच, दर मात्र बाजारातल्या दरापेक्षा दोन टक्के खाली होता. १,००० डॉलरमागे २० डॉलर. सराफाने नाणे तोलले, पण तराजू तुम्हाला दिसला नाही, एवढेच.

३४/
उपाय जुन्या हुंडीच्या कागदावर लिहिलेले आहेत. कोणते चलन, हे बिलातच ठरवा. कोणत्या दिवशीचा दर, हे विचारा. मधल्या बँकांचे शुल्क पाठवणारा देणार, तुम्ही देणार की दोघे मिळून, हे आधी लिहून घ्या. देऊ केलेला दर त्या घडीच्या बाजारदराशी ताडून पाहा. सेवांची तुलना शुल्कावरून करू नका. हाती पडणाऱ्या रुपयांवरून करा. आणि शक्य असेल तर दुसरी पेढी ठाऊक असू द्या.

३५/
साडेतीनशे वर्षांपूर्वी एका नव्या राज्यापुढे समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांनी सोयीचे दिसणारे कलम ठेवले होते. त्यावर विचारला गेलेला प्रश्न होता, तोटा कोणाला होणार? हा प्रश्न ज्या राज्याने विचारला, तिथे सोन्याचा तराजू शोभून दिसतो. ज्यांनी तो विचारला नाही, त्यांच्या नावाला इतिहासात बट्टा लागला.

३६/
तुमच्या घरी जुन्या दप्तरात एखादी वटलेली हुंडी, बट्ट्याचा हिशेब असलेली चोपडी किंवा अंकुशी-चांदवडी रुपया असेल, तर छायाचित्र खाली जरूर द्या. चोपडीतल्या मोडी ओळी मिळून वाचू. नाणे मात्र घासून चकचकीत करू नका. त्यावरची झीजदेखील इतिहासच आहे.

(थ्रेड समाप्त)